अंगणाखालची अंगणे

अंगण म्हटले की आपणा बायकांच्या डोळ्यांपुढे सडा, रांगोळी आणि तुळशीवृंदावन उभे राहते. परंतु अंगणाला पोटही असते, आणि त्या पोटात काय काय साठलेले असते याचा विचार आपण सहसा करीत नाही. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी सूचना झाली, तेव्हा बहुतेक भगिनी जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी यांच्यावर लिहितील हे उघड होते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र कोणा राणीविषयी लिहिणार नाही. आठशे वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकलेली एक बाई, एक विधवा, बाराखडी गिरविणारा एक पोरगा, अशा माणसांविषयी लिहिणार आहे. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. ती सापडली अंगणातल्या केरकचऱ्यात.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झालेले. पुरातत्त्व हा शब्द मी प्रथम ऐकला तो माझ्या भाच्याच्या तोंडून. तो त्याच विषयाचा अभ्यास करतो. त्याने पुस्तके आणून दिली, इंग्रजीतला मजकूर वाचून मराठीत सांगितला, कागदावर थरांची चित्रे काढून दाखविली. दुपारची निजानीज झाल्यावर आमची ही शाळा भरत असे. त्यावरून मला जे उमगले ते येथे मांडते.

गाव रशियातले आहे. त्याचे नाव नोव्हगोरोद. या नावाचा अर्थ नवे नगर असा होतो, पण ते त्या देशातल्या अगदी जुन्या गावांपैकी आहे. नवी पेठ कितीही जुनी झाली तरी नवीच राहते, त्यातलाच हा प्रकार. इल्मेन नावाच्या सरोवरातून व्होल्खोव्ह नदी निघते, तिच्या दोन्ही काठांवर हे शहर वसले आहे. जुन्या रशियन बखरीत त्याचा पहिला उल्लेख सन ८५९ च्या नोंदीत येतो. तेथील सेंट सोफियाचे दगडी देवालय १०४५ ते १०५० या वर्षांत बांधले गेले व ते अजून उभे आहे. मध्ययुगात हे मोठे व्यापारी नगर होते. लोकर, मीठ, मेण, केसाळ जनावरांची कातडी यांची उलाढाल तेथे चाले. मोंगलांची स्वारी १२३८ साली नोव्हगोरोदच्या वाटेवर आली, पण बर्फ वितळून चिखल होण्याचे दिवस जवळ आलेले, त्यामुळे शहरापर्यंत न पोहोचताच ती मागे फिरली. पुढे १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने ते आपल्या राज्यात घेतले. आपल्या लोकांना जवळचा वाटेल असा एक धागा येथे सांगते. त्याच सुमारास, त्याच भागातल्या त्व्हेर नावाच्या गावचा अफनासी निकितीन हा व्यापारी समुद्रमार्गे आपल्या चौल बंदरात उतरला, पावसाळ्यात जुन्नरास राहिला आणि पुढे बीदरला गेला. त्याने लिहून ठेवलेला प्रवासवृत्तान्त प्रसिद्ध आहे. म्हणजे ही माणसे आपल्याला अगदीच परकी नव्हेत.

आता मूळ विषयाकडे वळते. जुन्या गावातली जमीन वर्षानुवर्षे वर चढत असते. आपल्याकडेही हे दिसते. कित्येक जुन्या घरांत शिरताना रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरावे लागते. घर खाली गेलेले नसते, रस्ता वर आलेला असतो. अंगणाचेही तसेच. मातीची जमीन उखणायची, मुरूम पसरायचा, चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. एका पिढीत हा थर बोटभर वाटतो, पण दहा पिढ्यांत तो कमरेइतका होतो. आमच्या गल्लीत गटारासाठी चर खणला होता, तेव्हा मी मुद्दाम वाकून पाहिले होते. वर डांबर, त्याखाली खडी, मग जुनी फरसबंदी, मग राखेचा काळा पट्टा, मग तांबडा मुरूम, आणि त्या मुरुमात हिरव्या बांगडीचा एक तुकडा. चर खणणाऱ्या मजुराला त्याचे काहीच वाटले नाही. त्याने तो मातीबरोबर फेकून दिला.

नोव्हगोरोदची जमीन अशी सात-आठ मीटरपर्यंत चढलेली आहे. ढोबळ हिशोबाने शंभर वर्षांस एक मीटर. एवढी माती आली कोठून? तर मातीपेक्षा त्यात इतरच वस्तू अधिक. घरे सगळी लाकडी ओंडक्यांची, त्यामुळे घर बांधताना पडलेल्या ढलप्या, शेण व लीद, पेंढा, हाडे, चुलीची राख, तुटकी भांडी. अंगणात चिखल झाला की लोक ढलप्या पसरीत, पुन्हा चिखल झाला की पुन्हा पसरीत. दुसरे असे की खालची जमीन चिकणमातीची, पाणी मुरून जात नाही. सारा थर बारमाही ओला राहतो आणि त्यात हवा शिरत नाही. हवा नाही म्हणजे कुजणे नाही. लोणच्यावर तेलाचा तवंग राहिला की खालच्या फोडी वर्षभर टिकतात, हे आपण जाणतोच. तसे त्या ओल्या मातीत लाकूड, चामडे, दोर, झाडाची साल ही सारी नऊशे-हजार वर्षे टिकली. वरचे अलीकडचे थर मात्र पाण्याचा निचरा करणारी गटारे झाल्यावर कोरडे पडले, त्यातील लाकूड कुजून गेले. जुने टिकले आणि नवे गेले, अशी ही उलटी गोष्ट आहे.

या शहरात शास्त्रीय उत्खननास आर्त्सिखोव्स्की या विद्वानाने १९३२ पासून आरंभ केला. पण खरे मोठे काम झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४४ हे शहर जर्मनांच्या ताब्यात होते व त्यात ते जवळजवळ जमीनदोस्त झाले. नवी घरे बांधण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहून घ्यावे, म्हणून १९५१ पासून नेरेव्ह नावाच्या भागात उत्खनन सुरू झाले आणि ते १९६२ पर्यंत चालले. दहा हजार चौरस मीटरांहून अधिक जागा त्यांनी थराथराने उकलली. शहर जळाले म्हणून त्याचा जुना इतिहास हाती आला, हे वाचून मला आनंद मानावा की दुःख, हेच कळेना.

तेथे काय आढळले? एकाशेजारी एक अशी मोठी अंगणे. प्रत्येक अंगणाला लाकडी मेढ्या ठोकून केलेले उंच कुंपण. आत मालकाचे घर, नोकरांची घरे, भटारखाना, धान्याचे कोठार, गोठा, स्नानघर, कोठे सोनाराचे वा चांभाराचे काम चालत असे ती खोपी. आपल्याकडील मोठ्या वाड्यासारखाच हा संसार, फक्त दगडाऐवजी लाकडाचा. मोठ्या सरदारांची अंगणे बाराशे ते दोन हजार चौरस मीटर भरतात. मौज अशी की दहाव्या शतकात घातलेली कुंपणाची ओळ पंधराव्या शतकापर्यंत बहुधा हलत नाही. घर जळे, नवे होई, पुन्हा जळे. परंतु कुंपण जुन्या जागीच. भाऊबंदकी त्या थंड देशातही असणारच, पण बांध कोरणे त्यांना जमलेले दिसत नाही!

थर वाचायचे कसे, हे भाच्याने मला ज्या रीतीने समजाविले ते सांगते. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा पहिला नियम. तो लहान मूलही सांगेल. खरी अडचण खड्ड्यांची. समजा आपण आज अंगणात खड्डा खणला व त्यात फुटका कप टाकला. तो कप आजीच्या काळच्या मातीइतका खोल जाऊन बसतो. पुढे कोणी नुसती खोली मोजली, तर आजीच्या काळी चहाचे कप होते असे ठरवील. म्हणून खणणारे लोक चराच्या उभ्या कडा सरळ तासून ठेवतात व खड्ड्याचे तोंड कोणत्या थरातून सुरू होते ते पाहतात. उलटही होते. विहिरीसाठी वा तळघरासाठी खोल खणले की खालची जुनी माती वर येते व अंगणात पसरली जाते, म्हणजे जुन्या वस्तू नव्या थरात जाऊन बसतात. भर घातलेली माती आणि राहून राहून साचलेली माती यांतला भेद ओळखता येणे, यातच या शास्त्राचे सारे कसब आहे. साचलेल्या मातीत ढलप्या आडव्या, पातळ पदरांनी निजलेल्या असतात. ओतलेल्या भरात सगळे काल्यासारखे मिसळलेले असते. पोह्याच्या पापडाचे पीठ आणि भाकरीचे पीठ आपण हात लावताच ओळखतो, त्यांचे तसेच.

मग आगीचे थर. लाकडी शहर, तेव्हा आगी वरचेवर लागत. कोळशाचा काळा पट्टा एका अंगणातून दुसऱ्यात, तेथून रस्त्यापलीकडे गेलेला दिसतो. त्यावरून ही दोन अंगणे एकाच दिवशी जळाली हे कळते. बखरीत आगीचे वर्ष दिलेले असले, तर ते पडताळून पाहता येते.

सर्वांत पक्का आधार रस्त्यांचा मिळाला. अंगणाबाहेरचे रस्तेही लाकडी होते. लांबलचक वासे रस्त्याच्या दिशेने टाकावयाचे आणि त्यांवर ओंडके उभे चिरून, सपाट बाजू वर करून, आडवे जडवावयाचे. काही वर्षांनी चिखल वर आला की तसाच दुसरा रस्ता त्यावर. नेरेव्ह भागातल्या थोरल्या रस्त्याखाली असे अठ्ठावीस रस्ते एकावर एक सापडले. सर्वांत खालचा सन ९५३ चा, सर्वांत वरचा १४६२ चा. पाचशे नऊ वर्षांत अठ्ठावीस, म्हणजे सरासरी अठरा वर्षांस एक रस्ता पडला.

ही नेमकी वर्षे कशी कळली असे कोणीही विचारील. मीही विचारले. झाडाच्या बुंध्यात दर वर्षी एक वलय वाढते. बरे वर्ष असले तर वलय रुंद, वाईट असले तर अरुंद. एकाच प्रदेशातल्या झाडांत ही रुंद-अरुंद वलयांची माळ सारखीच असते. दोन तुकडे एकाच थानातले आहेत हे आपण काठाच्या नक्षीवरून जुळवून ठरवितो, तसे आजच्या झाडापासून मागे मागे जुळवीत गेले की ओंडका कोणत्या साली तोडला ते सांगता येते. कोल्चिन या संशोधकाने नोव्हगोरोदच्या लाकडांवर हे काम केले. रस्त्याचे वर्ष कळले की त्या रस्त्याला लागून असलेल्या अंगणाच्या थराचे वर्ष कळते, आणि थराचे कळले की त्यातल्या चिमुकल्या वस्तूचेही.

त्या वस्तूंत बायकांचे पुष्कळ आहे. बाराव्या ते चौदाव्या शतकाच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे हजारोंनी मिळाले. हिरव्या, निळ्या, पिवळ्या, जांभळ्या, काही पिळाच्या. बांगडी फुटावयाची आणि तुकडे अंगणात पडावयाचे, एवढे तिकडेही आपल्यासारखेच. आपल्या कोल्हापुरास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथेही बहामनी काळच्या थरांत काचेच्या रंगीत बांगड्या सापडल्या आणि त्याखाली सातवाहनांचा काळ लागला. नोव्हगोरोदला दुसरी एक वस्तू फार उपयोगी पडली, ती म्हणजे टकळीची दगडी चकती. गुलाबी रंगाच्या पाटीच्या दगडाची ही चकती, आजच्या युक्रेनमधील ओव्रुच या गावाजवळच्या खाणींतून येत असे. सूत कातणारी प्रत्येक बाई ती वापरी. पुढे १२४० मध्ये मोंगलांनी कीव्ह शहर घेतले, तिकडचा व्यापार मोडला, आणि तेराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या थरांत त्या गुलाबी चकत्या येईनाशा होतात. राज्य बुडाल्याची बातमी कातणाऱ्या बाईच्या टकळीपर्यंत पोहोचली ती अशी.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते सांगते. आपल्याकडे भूर्जपत्रांवर पोथ्या लिहीत हे आपणांस माहीत आहे. हिमालयातला भूर्ज आणि रशियातला भूर्ज एकाच जातकुळीतले. तिकडे त्याची साल मुबलक. नोव्हगोरोदचे लोक त्या सालीवर लोखंडी वा हाडाच्या टोकदार सळईने अक्षरे कोरीत. शाई लागत नसे. म्हणूनच ओल्या मातीत ती अक्षरे पुसली गेली नाहीत. पण १९५१ पर्यंत तेथील उत्खननात तसले एकही पत्र हाती लागले नव्हते. सालीच्या सुरळ्या मात्र पुष्कळ निघत, कोळ्यांच्या जाळ्याला लावण्याची ती तरंगणी म्हणून बाजूला पडत.

२६ जुलै १९५१ रोजी नीना अकुलोवा ही स्थानिक बाई खणण्याच्या कामावर होती. ती त्या वेळी गरोदर होती. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या एका लाकडी रस्त्याच्या दोन ओंडक्यांच्या फटीत तिला सालीची एक मळकट सुरळी दिसली. तिने ती इतरांप्रमाणे टाकली नाही. चिखल पुसला, आणि तिला ओरखडे दिसले, ते ओरखडे अक्षरांसारखे वाटले. तिने ती देखरेख करणाऱ्या गाइदा अवदुसिना या बाईंकडे नेली. त्यांची तर वाचाच बसली. मग आर्त्सिखोव्स्कींना हाक गेली. ते गृहस्थही मिनिटभर काही बोलू शकले नाहीत आणि मग ओरडून म्हणाले की शंभर रूबल बक्षीस, या वस्तूची मी वीस वर्षे वाट पाहत होतो. ते पहिले पत्र म्हणजे कोणत्या गावाकडून किती वसूल यावयाचा याची रूक्ष यादी आहे. पण त्या यादीने दार उघडले. त्याच हंगामात दहा पत्रे निघाली. नेरेव्ह भागात चारशेच्या आसपास मिळाली, आणि आजवर नोव्हगोरोदमध्ये एकूण अकराशेच्या वर झाली आहेत. एकीच्या हाताने ती सुरळी टाकून न देता पुसून पाहिली, यावर हे सगळे उभे आहे. भाकरी भाजणारीला वाफेचा वास कळतो, तशी त्या बाईची नजर असली पाहिजे.

सुरळी गरम पाण्यात भिजवितात, हलक्या हाताने धुतात, पदर उलगडतात आणि काचांच्या मध्ये दाबून वाळवितात. बहुतेक पत्रे तुकड्यांच्या स्वरूपात मिळतात, कारण वाचून झाल्यावर लोक ती फाडून अंगणात टाकीत. आपण तरी दुसरे काय करतो?

त्या पहिल्याच वर्षीचे नवव्या क्रमांकाचे पत्र बाराव्या शतकातले आहे. गोस्त्याता नावाच्या व्यक्तीने ते वासिल यास लिहिले आहे. मजकूर अगदी थोडका. वडिलांनी जे मला दिले आणि नातलगांनी वर जे घातले, ते सारे त्याच्यापाशी आहे. आता तो नवी बायको करीत आहे आणि मला काही देत नाही. मला त्याने सोडले आणि दुसरीला घेतले. तू कृपा करून ये. एवढेच. भाच्याने हे वाचले तेव्हा मी त्याला पुन्हा वाचावयास सांगितले. वडिलांनी दिलेले आणि नातलगांनी घातलेले, याला आपल्याकडे स्त्रीधन म्हणतात. आठशे वर्षे आणि हजारो मैल मध्ये आहेत, आणि तरी हा मजकूर कोणत्याही आळीतल्या, माहेरी परत आलेल्या बाईच्या तोंडचा वाटतो. आपल्या मंडळाकडे सल्ला विचारावयास येणाऱ्या भगिनींचे म्हणणे याहून फारसे निराळे नसते.

या पत्रावर पंडितांत वाद झाला. गोस्त्याता हे नाव त्या भाषेत पुरुषाचेही असू शकते. म्हणून काहींनी मांडले की लिहिणारा हा मुलगा आहे, बापाने दुसरे लग्न करून त्याला वाऱ्यावर सोडले. परंतु मला सोडून दुसरी केली, असे जे वाक्य आहे त्याचा सरळ अर्थ बायकोच्या तोंडीच शोभतो, आणि आता बहुतेक अभ्यासक तोच अर्थ घेतात. मला वाटते, वाद घालण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरातल्या बायकांना ते वाचून दाखविले असते, तर वेळ वाचला असता.

येथे थर वाचण्याचा आणखी एक बारकावा आहे. पत्र सापडते ते लिहिणाराच्या अंगणात नव्हे, तर ज्याला लिहिले त्याच्या अंगणात. गोस्त्यातेचे पत्र ज्या अंगणात निघाले ते अंगण तिचे असल्याचे मानता येत नाही. वासिलने ते हातात घेतले, वाचले, आणि तेथे टाकले, हे मात्र मानता येते. तिची हाक पोहोचली, एवढे माती सांगते.

असे एकेक पत्र सांगत बसले तर स्मरणिका पुरणार नाही. तेराव्या शतकातला मिकिता एका मुलीला लिहितो की माझ्याशी लग्न कर, मला तू हवीस आणि तुला मी, याला इग्नात साक्षी आहे. मध्यस्थ नाही, पत्रिका नाही, साक्षीदार मात्र हवा! अकराव्या शतकाच्या अखेरची एक मुलगी एका पुरुषास विचारते की मी तीनदा निरोप धाडला, या आठवड्यात आला नाहीस, मनात माझ्याविषयी काय अढी आहे? मी निरोप पाठविला याचाच राग आला का? हे पत्र १९९३ साली मिळाले, ते उभे फाडून, पट्ट्यांची गाठ मारून टाकलेले. गाठ मारणारा हात कोणाचा होता ते उघडच आहे, कारण पत्र त्याच्याकडेच पोहोचले होते. आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीचा बोरिस आपल्या नास्तास्याला कळवितो की हे पत्र पोहोचताच घोड्यावरून माणूस पाठव, येथे मला फार काम आहे, आणि हो, सदरा पाठव, सदरा घरी विसरलो आहे. हे वाचून मला हसू आवरले नाही. पंधराव्या शतकाच्या आरंभीचे दुसरे एक पत्र नास्तास्या नावाच्या बाईने आपल्या बांधवांना लिहिले आहे. त्यात ती कळविते की माझा बोरिस या जगात राहिला नाही, माझी व माझ्या मुलांची काळजी घ्या. दोन्ही पत्रांतले बोरिस-नास्तास्या एकच, असे अनेकांना वाटते. ही नावे त्या काळी प्रचारातली, त्यामुळे नुसत्या नावावरून ते सिद्ध होत नाही. मी मात्र पहिले पत्र आठवताना दुसरे बाजूला ठेवू शकत नाही.

पोरांचेही सांगते. १९५६ च्या जुलैमध्ये एकाच जागी सालींचा ढीग निघाला, तेराव्या शतकाच्या मध्याचा. ओन्फिम नावाच्या मुलाचा तो अभ्यास. वय सहासात असावे. सालीच्या डब्याच्या निघालेल्या बुडावर त्याने मुळाक्षरे गिरविली आहेत, मग बा, वा, गा, दा अशी जोडाक्षरे, अगदी आपली बाराखडी. थोड्याच वेळात त्याला कंटाळा आला. डबा उलटा करून त्याने मागे एक जनावर काढले आणि त्याच्याकडून वदविले आहे की मी पशू आहे. दुसऱ्या सालीवर घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा वीर आहे, त्याच्याशेजारी नाव स्वतःचेच. माणसांच्या हातांना बोटे कधी तीन तर कधी सहा. ज्या घरी पहिलीतले मूल आहे तेथे हे चित्र भिंतीवर पाहावयास मिळेल.

एकटी वस्तू फसवते, सगळे अंगण एकत्र वाचले तर फसवत नाही, याचा नमुना म्हणून आणखी एक अंगण घेते. १९७३ ते १९७७ या काळात ट्रॉइत्स्की नावाच्या उत्खननात बाराव्या शतकाच्या अखेरचे एक अंगण उकलले गेले. थरात रंगांच्या खड्यांचे तुकडे, रंग कालविण्याच्या लहान वाट्या, मेण, राळेसारखा अंबर, तसबिरीवर मढविण्याच्या पातळ पत्र्यांचे कपटे मिळाले. एकेक पाहता काही कळले नसते, कारण रंग तर कोणाच्याही घरी असतील. पण तेथेच सालीवर पत्रे मिळाली. एका धर्मगुरूने ग्रेचिन यास कळविले होते की दोन पाट्यांवर सहा पंखांचे दोन देवदूत रंगवून दे. तेव्हा उलगडा झाला की हे ओलिसेइ ग्रेचिन या चित्रकाराचे अंगण आणि या झोपडीत तो देवचित्रे काढीत होता. त्याच्या हातचे रंग अंगणाच्या मातीत सांडले होते आणि तेथेच राहिले.

दर वर्षी २६ जुलैस नोव्हगोरोदमध्ये भूर्जपत्रांचा दिवस पाळतात. जुन्या शहराचा अगदी थोडा भाग आतापर्यंत खणून झाला आहे. बाकीच्या अंगणांवर आज घरे आणि रस्ते आहेत, आणि जेथे नवे बांधकाम निघते तेथे आधी पुरातत्त्वाची माणसे जाऊन उन्हाळ्यात खणतात. सालीची कोणतीही सुरळी आता धुतल्यावाचून कोणी फेकीत नाही.